नागपूरचा माठ, डोंबिवलीचा माठ आणि पेपरातलं तापमान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात माझी आठवीतली भाची नागपूरहून आमच्याकडे डोंबिवलीला आली आणि पहिल्याच दिवशी माठातलं पाणी पिऊन म्हणाली, मामा, तुमचा माठ बिघडलाय का, आमच्याकडे ४४ डिग्री असतं तरी पाणी दात शिवशिवतील एवढं गार लागतं आणि इथे ३४ च असून हे कोमट का? मला वाटलं माठ जुना झाला, भोकं बुजली असतील. नवीन आणला, भिजत घातला, खाली ओली वाळू ठेवली, तरी तेच.

मग डोक्यात आलं की प्रश्न माठाचा नाहीच, हवेचा आहे. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते. आम्ही दोघांनी हिशोब मांडला, तर बाहेरून आत येणारी उष्णता सोडली तर १० लिटर पाणी १० डिग्रीने गार करायला जेमतेम पावणेदोनशे मिली, म्हणजे पेलाभर पाणी उडालं की पुरतं! पण हवाच आधी ओलीचिंब असेल तर ते पेलाभर तरी कसं उडणार, आमचा माठ नुसता बाहेरून ओला होऊन बसतो.

घरात भिंतीवरचे दोन साधे थर्मामीटर होते, त्यातल्या एकाच्या बल्बला जुन्या मलमलच्या साडीची ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्ही पंख्यासमोर धरले. कोरडा ३४ वर राहिला, ओला उतरत उतरत २९ ला येऊन थांबला. या दुसऱ्या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, माठ कितीही चांगला असला तरी पाणी याच्या खाली जात नाही. नागपुरात ४४ डिग्रीला आर्द्रता १५ टक्के असली तर हाच आकडा २३ च्या आसपास येतो, भाचीचा तर विश्वासच बसेना.

आता मुद्द्यावर येतो. आपला घामही हेच काम करतो. वेट बल्ब ३५ ला पोचला तर धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली बसून फार तास तग धरू शकत नाही असं मानलं जातं, आणि २०२२ साली अमेरिकेत तरुण, निरोगी लोकांवर केलेल्या प्रयोगात दमट हवेत वेट बल्ब ३१ च्या आसपास असतानाच शरीराचा स्वतःच्या तापमानावरचा ताबा सुटायला लागला. म्हणजे आमच्या गॅलरीतला २९ काही फार लांब नव्हता. (नागपूरचं ऊन सोपं असं मी म्हणत नाही, तिथे अंगातलं पाणी भराभर जातं, त्याचा धोका वेगळा.)

आणि तुमच्या पेपरात रोज काय छापून येतं, तर कमाल आणि किमान तापमान. ते वाचून डोंबिवली, ठाणे, पनवेलचा माणूस म्हणतो ३४ च तर आहे आणि दुपारी स्लॅबच्या कामावर जातो. हवामान खातं सकाळ-संध्याकाळची आर्द्रता रोज देतं, तर तापमानाशेजारी ती आणि वेट बल्बचा आकडा एवढं छापाच, दोन ओळींची जागा लागेल. मार्च ते जून आणि ऑक्टोबर हीटमधे तरी नक्की.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली