सालामांकाहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं आईला वाटलं असेल. आणि बाबा चष्मा शोधता शोधताच म्हणाले असतील, "काहीतरी लपवलंय हिनं." बरोबर आहे. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आईचा आवाज जातो, मग मी विषय बदलते आणि आपण मेथीच्या जुडीच्या भावावर येऊन थांबतो. म्हणून लिहितेय. दादा मोठ्या अक्षरात छापून आणेल, बाबांनी डोळ्यांना ताण देऊ नये.

मी डिसेंबरात येत नाहीये. जूनअखेर येईन. आणि हे काही आता ठरलेलं नाही. इथला स्पॅनिशचा कोर्स पहिल्यापासूनच वर्षाचा होता, व्हिसाही तसाच काढला होता. "तीन महिने बघते, नाही जमलं तर येते परत" असं सांगितलं, कारण मार्चनंतर आई ज्या नजरेनं माझ्याकडे बघायची, त्या नजरेपुढे 'वर्ष' हा शब्द तोंडातून निघेना. चुकलंच माझं.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असताना मी तिथे नाही, हे मला टोचत नाही असं समजू नका. पण दादा चार दिवस रजा काढतोय, मिरजेहून मावशी येणार आहे, संध्याकाळी तर घरीच सोडतात. नाताळात तिकिटांना हात लावता येत नाही. जानेवारीत लगेच वर्ग सुरू होतात. मे महिन्यात सी-वन या वरच्या पातळीची देले, म्हणजे स्पॅनिश भाषेची परीक्षा द्यायचीय, ते प्रमाणपत्र एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं. सहा कारणं झाली. आई म्हणेल, एक खरं असतं तर बाकीची पाच लागली नसती.

आता घराचं. ज्यांच्याकडे राहते त्या सेन्योराबाई (बाबांनी ठेवलेलं हे नाव आता मीही मनात वापरते) ७१ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, माझ्याआधी बऱ्याच विद्यार्थिनी त्यांच्या हाताखालून गेल्यात. खोली लहान पण उबदार. पलंगावर दोन ब्लँकेटं आहेत, तिसरं मागितलं तर चौथंही मिळतं. जेवण दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला, त्याची सवय व्हायला महिना गेला. पहिल्या दिवशी 'मी मांस खात नाही' हे पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तर बाईंनी मान डोलावून हॅमचे तुकडे पुढे केले. त्यांच्या लेखी मांस वेगळं, हामोन वेगळं. आता समजलंय त्यांना. बटाट्याचं जाड ऑम्लेट, चण्याची उसळ आणि आठवड्यातून एकदा मसूर. आई, इथून जवळच आर्मुन्या म्हणून भाग आहे, तिथला मसूर साऱ्या स्पेनमध्ये नावाजलेला. आपल्या इस्लामपूरच्या अख्ख्या मसूरची सर नाही, कारण मिरची नाही, पण लसूण आणि तमालपत्राचा वास आला की मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. माझ्या वाटणीचा मसूर चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालायच्या आधीच काढून ठेवतात.

आणि ते टेबल! बसायच्या खोलीत एक गोल टेबल आहे. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि आत पायांपाशी विजेची शेगडी. थंडीत सगळ्यांनी ते कापड मांडीवर ओढून घ्यायचं आणि पाय आत सरकवायचे. परवा बाई टीव्ही बघत होत्या, मी क्रियापदं पाठ करत होते, आणि तशीच झोपले. जाग आली तर कापड गळ्यापर्यंत ओढलेलं. अर्धवट झोपेत मला वाटलं, आजीची वाकळ आहे आणि बाबा आता उचलून आतल्या खोलीत नेतील. डोळे मिटूनच पडून राहिले थोडा वेळ, लहानपणी मुद्दाम राहायचे तशी.

सर्दी झाली होती, आता बरी आहे. बाईंनी विचारलं, "कोन्स्तिपादा आहेस का?" मी घाबरून सांगितलं, नाही नाही, पोट एकदम साफ. इथे त्याचा अर्थ सर्दी! त्यांनी गरम दुधात मध घालून दिला, मी त्यात तू दिलेली हळद ढवळली. त्यांनी एक घोट घेतला आणि फक्त म्हणाल्या, "पिवळं आहे."

बाबांना आणखी एक गंमत. पाव, बटाटा, पगार हे आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेले शब्द, त्यांची भावंडं इथे रोज भेटतात. फक्त 'पागार' म्हणजे पैसे देणं. महिन्याच्या एक तारखेला इथे पगार मीच करते.

नदी आहे इथे, तोर्मेस. तिच्यावर रोमन लोकांचा दगडी पूल. त्याला २६ कमानी आहेत, पण गावाकडच्या १५च रोमन. बाकीच्या १६२६च्या पुरात वाहून गेल्या, नंतर बांधल्या. मास्तरांनी हे सांगितल्यावर वर्गातली बाकीची पोरं फोटो काढायला लागली आणि मी खाली वाकून पाण्याची खूण शोधत बसले. आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फूट झालं त्या रात्री गच्चीवर बाबा दर तासाला बॅटरी मारून पायऱ्या मोजत होते. मला ते मोजणं ऐकू यायचं. तेव्हा मी झोपलेली नव्हते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आई, तुझ्या मनातलं मला माहितीये, की मी पळून आले. थोडं खरं आहे. पण इथल्या भाषेत 'आहे'साठी दोन क्रियापदं आहेत. मी सांगलीची आहे, हे सेर. मी सालामांकात आहे, हे एस्तार. दोन्ही एका दमात म्हणता येतात, मास्तर चूक काढत नाहीत. (लग्न झालेलं असणं हेही एस्तारमध्येच येतं, तू विचार कर.)

आता ऐका. बाबांनी ऑपरेशननंतर सिलिंडर हलवायचा नाही. इथेही नारिंगी सिलिंडर येतात, पण सेन्योराबाई ते आणणाऱ्या माणसाकडूनच आत ठेवून घेतात, त्यांना कमीपणा वाटत नाही. थेंबांच्या वेळा लिहून फ्रिजवर चिकटवा. अंधारात गाडी चालवायची नाही, गणपती मंदिरापर्यंतसुद्धा नाही. आईनं गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यायची, 'आज बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. घड्याळं बदलल्यामुळे आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे, तेव्हा तुमच्या रात्री साडेनऊला फोन करा. मी तेव्हा बाहेर चौकात घड्याळाखाली असते, सगळे तिथेच भेटतात, मागून आवाज आला तर घाबरू नका.

आणि पोटमाळ्यावरच्या त्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत घाला. आईला जमणार नाही. बाबा, तुम्ही घाला, पण ऑपरेशनच्या आधी, आणि शिडी दादाला धरायला सांगा.

तुमची
ठमी

ता. क. मेतकूट संपत आलंय. पाठवू नका, पोस्टाला फार पैसे पडतात. पाठवलंच तर थोडं जास्त पाठवा, बाई भाकरीसारखं पावाला लावून खातात.