काढलं असेल तर तसं लिहून द्या की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एका सिनियर कॉलेजच्या ऑफिसात २८ वर्षं काढली, शेवटची ९ टीसीच्या टेबलावर, त्यामुळे पुढं सांगतोय ते ऐकीव नाहीये. शिस्तभंगात पोराला कॉलेजातनं काढलं, आता दुसरीकडे अ‍ॅडमिशन कशी मिळवायची असं कुणी विचारायला आलं की मी आधी विचारतो, काढल्याची ऑर्डर आहे का हातात? बहुतेकांकडे नसतेच. असते ती त्यांनी स्वतःच केलेल्या अर्जाची झेरॉक्स.

यंदा आमच्या भाच्याचंच झालं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, गॅदरिंगच्या दिवशी मारामारी, नोटीस बोर्डाची काच फोडली. चूक त्याचीच होती, काचेचे पैसेही भरले. पण दाजींना बोलावून घेतलं, दीड तास केबिनबाहेर बाकावर बसवलं आणि मग कोऱ्या कागदावर क्लार्क सांगेल तसं लिहून घेतलं, "घरगुती अडचणीमुळे मुलगा पुढील शिक्षण घेऊ शकत नाही, तरी त्याचे नाव कमी करावे." दाजींनी सही केली, वर आभारही मानले, कारण "टीसीवर काही शेरा मारत नाही" असं सांगितलं होतं. असे अर्ज मी पण लिहून घेतलेत, लपवत नाही, साहेब सांगायचे आपण पेन पुढे करायचं.

यात मेख अशी आहे की काढायचं म्हटलं तर नोटीस द्यावी लागते, चौकशी लावावी लागते, पोराचं म्हणणं ऐकावं लागतं आणि मग तो पोरगा तक्रार निवारण समितीकडे जाऊ शकतो, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे त्या समितीनं शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, तिथं नाही पटलं तर विद्यापीठाचा लोकपाल (अण्णांचा नव्हे, हा वेगळा). पण अर्ज केला म्हणजे तुम्ही आपणहून गेलात, मग तक्रार कसली? शेरा नसला म्हणून काय झालं, नवीन कॉलेजवाले जुन्या कॉलेजात एक फोन लावतात की सगळं बाहेर येतं, आणि तेव्हा अर्जातलं कारण खोटं ठरतं ते तुमचंच.

दाजींना तर वाटलं आता ५ वर्षं पोरगा घरी. कुणीतरी पारावर सांगितलेलं. तसं नाहीये. ती ५ वर्षं रॅगिंगची, १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, कोर्टात गुन्हा सिद्ध झाला तर कॉलेजातनं बडतर्फ आणि ५ वर्षं दुसरीकडं कुठंच प्रवेश नाही. अ‍ॅडमिशनच्या वेळी पोराकडून आणि पालकाकडून जे अ‍ॅफिडेव्हिट घेतात, जे कुणीच वाचत नाही, त्यातही रॅगिंगमुळे काढलंय का एवढंच विचारलेलं असतं. तरी नवीन कॉलेजात काय झालं ते आपणहून सांगावं या मताचा मी आहे.

भाच्यानं तसंच केलं. नवीन कॉलेजच्या प्राचार्या बाईंनी विचारलं, कशावरनं मारामारी? त्यानं सांगितलं, खुर्चीवरनं. बाई हसल्या, माफीनामा लिहून घेतला, दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी होती ती दिली. पहिल्या वर्षाचे क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) अकॅडमिक बँकेत, म्हणजे पोराच्या नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा होते, डिजिलॉकरवर दिसले, ते जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात, म्हणजे ते वर्ष तरी वाया गेलं नाही.

आता अडलंय ते बारावीच्या ओरिजिनल मार्कशीटवर. ती जुन्या कॉलेजच्या कपाटात आहे, पूर्ण वर्षाची फी भरा मग देतो म्हणतात. नको असलेल्या कोर्सची फी वसूल करायला कागद अडवून ठेवणं हे त्याच २०२३ च्या नियमांत तक्रारीचं कारण म्हणून लिहिलेलंय. मी नियमाची प्रिंट घेऊन परवा गेलो होतो. टेबलावरच्या पोरानं ती वाचली, दोनदा वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, काका, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, जि. सातारा