कार्डावरून काय वगळायचं ते साखरेच्या ग्रॅमवर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत गरीब कुटुंबांना किराण्यासाठी जी 'स्नॅप' मदत मिळते, तिच्यातून सोडा (म्हणजे कोलासारखी फसफसणारी शीतपेयं) आणि काही ठिकाणी चॉकलेट-गोळ्याही घेता येऊ नयेत, असा नियम १ जानेवारी २०२६ पासून इंडियाना, आयोवा, नेब्रास्का, युटा आणि वेस्ट व्हर्जिनिया या पाच राज्यांत लागू झाला. इतर राज्यं रांगेत आहेत. 'सरकारी पैशाने कोला कशाला' आणि 'गरिबाच्या ताटात सरकारने डोकावू नये' या दोन टोकांमध्ये वाद अडकला आहे आणि नियम कसा लिहिला गेला, याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. खरी गडबड तिथेच आहे. माझ्या मते साखर घातलेली पेयं या मदतीतून वगळायलाच हवीत. पण वगळावीत ती फक्त पेयं, आणि ती ओळखायची लेबलवर छापलेल्या साखरेवरून.

आपल्या रेशनशी तुलना केली की या विषयात घोळ होतो, म्हणून आधी योजनेबद्दल. रेशनवर ठरलेलं धान्य ठरलेल्या वजनात मिळतं. स्नॅपमध्ये मिळतं ते कार्ड. त्यावर दरमहा रक्कम जमा होते आणि सुमारे अडीच लाख मान्यताप्राप्त दुकानांत ती खर्च करता येते. सुमारे ४ कोटी लोक या कार्डावर किराणा भरतात. चार जणांच्या कुटुंबाला ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या वर्षात महिन्याला जास्तीत जास्त ९९४ डॉलर मिळतात. कुटुंब स्वतःच्या निव्वळ उत्पन्नातला ३० टक्के भाग अन्नावर खर्च करेल, असं सरकार धरून चालतं आणि तेवढी रक्कम वळती करतं. म्हणजे सगळ्या वजावटी जाऊन महिन्याला १,००० डॉलर उत्पन्न उरत असेल, तर ९९४ मधून ३०० वजा होतात आणि कार्डावर ६९४ येतात. उरलेले ३०० खिशातले. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

कार्डावर काय चालत नाही, याची मूळ यादी छोटी आहे: दारू, तंबाखू, औषधं आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, साबणासारख्या वस्तू, पाळीव प्राण्यांचं खाणं आणि गरम विकलेलं तयार अन्न. माणसाच्या खाण्यापिण्याचं बाकी जवळजवळ सगळं चालतं. काउंटरवर याचा अर्थ काय होतो, ते बघा. भाजलेली आख्खी कोंबडी दुकानाच्या गरम पेटीत असेल, तर कार्ड चालत नाही. तीच गार करून फ्रीजमध्ये ठेवली की चालतं. ज्या बाईच्या घरी चूल धड नाही, दोन पाळ्यांत काम करून जी रात्री नऊला दुकानात येते, तिला गरम कोंबडी रोखीने घ्यावी लागते आणि शेजारची २ लिटर कोला मात्र कार्डावर मिळते. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर 'न्यूट्रिशन फॅक्ट्स' हा तक्ता असेल, तर ते कार्डावर मिळतं. 'सप्लिमेंट फॅक्ट्स' असं शीर्षक छापलं असेल, तर मिळत नाही. कार्डावरच्या खरेदीला विक्रीकर लावायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ज्या राज्यांत सोड्यावर विक्रीकर आहे, तिथे कार्डवाल्याला तो रोखीवाल्यापेक्षा स्वस्त पडतो. हे कुणी मुद्दाम ठरवलं नसेल, पण वर्षानुवर्षं चाललं आहे.

प्रश्न जुनाच आहे. फूड स्टँपचा, म्हणजे स्नॅपच्या जुन्या रूपाचा, पहिला प्रयोग १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात झाला. तेव्हा एका डॉलरचे नारिंगी स्टँप विकत घेतले की ५० सेंटचे निळे फुकट मिळत. नारिंगीवर कुठलंही अन्न घेता येई, निळ्यावर फक्त सरकारने जाहीर केलेला जादा उत्पादनाचा माल. १९६४ चा कायदा होताना प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात शीतपेयं वगळलेली होती. अंतिम कायद्यात ती तरतूद राहिली नाही. पुढे मिनेसोटाने २००४ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०१० मध्ये अशाच वस्तू वगळायची परवानगी मागितली. दोन्ही वेळा ही योजना चालवणाऱ्या केंद्रीय कृषी खात्याने नकार दिला. २००७ मध्ये या खात्याने आपली कारणं लिहून ठेवली: बाजारात ३ लाखांहून जास्त खाद्यवस्तू आहेत, दरवर्षी हजारोंनी नव्या येतात, त्यांतली चांगली कुठली आणि वाईट कुठली, हे ठरवायला सर्वमान्य कसोटी नाही. या आक्षेपात तेव्हाही दम होता आणि आजच्या नियमांनी तो खरा करून दाखवला आहे.

आयोवाचंच उदाहरण घ्या. तिथे वेगळी यादी न करता 'राज्याच्या विक्रीकराला पात्र असलेले खाद्यपदार्थ कार्डावर नाहीत' असं ठरवलं. विक्रीकराच्या व्याख्येत ज्या गोड वड्यांमध्ये पीठ असतं, ती 'कँडी' धरली जात नाही. म्हणून स्निकर्स बंद आणि ट्विक्स चालू, कारण ट्विक्सच्या आत बिस्किट आहे. त्याच व्याख्येनुसार गोडवा नैसर्गिक असो की कृत्रिम, पेय 'सॉफ्ट ड्रिंक' ठरतं. मात्र त्यात दूध असेल किंवा अर्ध्याहून जास्त फळांचा रस असेल, तर ठरत नाही. परिणामी शून्य साखरेचा सोडा बंद आणि दूध घातलेली, साखरेने भरलेली बाटलीबंद कॉफी चालू. कर गोळा करण्यासाठी केलेली व्याख्या आरोग्याच्या कामाला जुंपली की असंच होणार. आर्कान्सानेही कॅलरी नसलेला सोडा बंदीत घातला आहे. मग साखर सोडू पाहणाऱ्या माणसाने कशावर यायचं?

यापेक्षा सोपी कसोटी प्रत्येक बाटलीवर आधीच छापलेली आहे. अमेरिकेत मोठ्या उत्पादकांना २०२० पासून आणि छोट्यांना २०२१ पासून पोषण तक्त्यात 'वरून घातलेली साखर' ही ओळ ग्रॅममध्ये देणं सक्तीचं आहे. नियम एवढाच हवा: १०० मिलिलिटरमध्ये वरून घातलेली साखर ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर ते पेय कार्डावर नाही. कोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० मिलिलिटरला सुमारे ११ ग्रॅम. ती सरळ बाहेर. गोड कॉफी आणि एनर्जी ड्रिंकला हाच न्याय, तक्त्याचं शीर्षक काहीही असो. साधं दूध, शून्य साखरेची पेयं आणि शंभर टक्के फळांचा रस चालू. रस ठेवायचं कारण आहे. मधुमेही माणसाची साखर अचानक उतरली की साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते आणि अर्धा कप रसात ती मिळते. बाळांचं डब्यातलं दूध आणि आजाऱ्यांसाठीची पोषक पेयं मात्र नियमात नाव घेऊन वगळावी लागतील, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती काउंटरवर अडकतील. ५ ग्रॅमची ही रेघ हवेतून काढलेली नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये शीतपेयांवर जो कर लावला, त्याची पहिली पायरी १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम हीच होती आणि अनेक उत्पादकांनी साखर कमी करून माल त्या रेघेखाली आणला. 'सोडा' या शब्दावर बंदी घातली, तर उत्पादक नाव बदलेल. ग्रॅमवर घातली, तर त्याला साखर कमी करावी लागेल.

फक्त पेयंच का? कॅनमधल्या त्या ३९ ग्रॅमचे जवळजवळ दहा चमचे होतात. ही साखर पोट भरत नाही आणि तिच्यासोबत दुसरं काहीही पोटात जात नाही. बिस्किट, पिझ्झा, ब्रेड यांच्यात अशी स्वच्छ रेघ ओढता येत नाही. फ्लोरिडाने तयार गोड पदार्थही बंदीत घेतले आहेत, म्हणजे पोराच्या वाढदिवसाला आणलेला पॅकबंद केकही त्यात येऊ शकतो. या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षातून एकदा आणलेल्या केकने कुणाला मधुमेह होत नाही.

काउंटरवरची अडचण वेगळीच. मोठ्या साखळी दुकानांत प्रत्येक बारकोडपुढे 'चालतं' किंवा 'चालत नाही' अशी खूण मुख्यालयातून बदलता येते. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात कित्येकदा रक्कम हाताने टाकतात, तिथे निर्णय दुकानदाराच्या माथी येतो. त्यात प्रत्येक राज्याची व्याख्या वेगळी. राज्याच्या सीमेवरच्या गावात तीच बाटली नदीच्या एका काठाला चालते, दुसऱ्या काठाला नाही. दुकानांना सावरायला ९० दिवसांची सवलत आहे, पण सर्वमान्य यादीच नसेल तर ९० दिवसांत जुळवायचं कशाशी? गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठीच्या 'विक' योजनेत मंजूर मालाची बारकोडनिहाय यादी राज्यं कैक वर्षं ठेवत आली आहेत. पेयांपुरती अशी एकच राष्ट्रीय यादी कृषी खात्याने ठेवावी आणि नवा माल बाजारात येतानाच उत्पादकाकडून साखरेचा आकडा घ्यावा. रांगेत मागे चार माणसं उभी असताना बाटली परत ठेवायला लावणं हा अपमान असतो. यादी चुकीची असेल तर तो विनाकारण होतो.

आता ते ३०० डॉलर. कृषी खात्याने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या अहवालात, २०११ च्या खरेदीनुसार, स्नॅप कुटुंबांच्या खर्चापैकी ९.३ टक्के गोड पेयांवर होता आणि इतर कुटुंबांचा ७.१ टक्के. सवय सगळ्यांचीच आहे, गरिबांची खासियत नाही. ९९४ डॉलरच्या किराण्यात ९.३ टक्के म्हणजे सुमारे ९२ डॉलर. ज्याच्या खिशातले ३०० किराण्याला जातात, तो सोडा रोखीने घेईल आणि भाजी कार्डावर. म्हणजे नुसत्या बंदीने त्याच्या घरात फार काही बदलणार नाही. ज्याचं उत्पन्नच शून्य आहे, त्याच्यावर मात्र बंदी पूर्ण लागू पडेल. बंदीच्या समर्थकांनी हा हिशेब मांडायला हवा होता, तो त्यांनी मांडला नाही.

तरीही बंदी हवी, कारण जोडीला दुसरी गोष्ट दिली की ती काम करते. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये ठरावीक फळं-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट कार्डावर परत दिले. त्या कुटुंबांचं या फळं-भाज्यांचं खाणं सुमारे २६ टक्क्यांनी जास्त निघालं. मिनियापोलिस परिसरातल्या प्रयोगात नुसती बंदी, नुसती सवलत आणि दोन्ही एकत्र, असे गट करून पाहिले. आहार सर्वांत जास्त सुधारला तो दोन्ही एकत्र मिळालेल्या गटाचा. शिवाय सोडा कार्डावरून उतरला की रोखीच्या खरेदीला विक्रीकर लागतो, ती जुनी सूट संपते. न्यूयॉर्क राज्यातल्या दुकानांत कार्डावर पैसे जमा होण्याच्या दिवसांत, महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत, गोड पेयांची मांडणी वाढते, असं अभ्यासात दिसलं आहे. कार्डच चालणार नसेल, तर दुकानदाराला त्या नऊ दिवसांत दुसरं काहीतरी पुढे मांडावं लागेल. तेव्हा बंदीसोबत भाजीवरचे ३० सेंट आणि गरम जेवणाची मुभा द्यावी. दुकानाच्या पात्रतेची अटही कडक हवी. २०२५ च्या अटीनुसार चार प्रकारचं मूळ अन्न (फळं-भाज्या, धान्य, दुधाचे पदार्थ, मांस-मासे), प्रत्येकी तीन जाती, प्रत्येक जातीचे तीन नग, असे ३६ नग ठेवले की दुकान पात्र ठरतं. एवढ्याशा फळीवर सोड्याऐवजी उचलायला फारसं काही नसतं.

राज्यांना बंदीच्या या परवानग्या दोन वर्षांच्या प्रयोग म्हणून दिलेल्या आहेत, पुढे मुदतवाढ मिळू शकते आणि मूल्यमापन बंधनकारक आहे. ते कसं करतात, यावर सगळं अवलंबून राहील. कार्डावरची सोड्याची विक्री शून्य दिसणारच, ती मोजून काही कळणार नाही. कुटुंबाची कार्ड आणि रोख मिळून एकूण खरेदी मोजायला हवी, कालच्या चोवीस तासांत घरात काय खाल्लं-प्यायलं ते विचारायला हवं, आणि हे बंदी नसलेल्या शेजारच्या राज्यातही त्याच महिन्यांत करायला हवं. ज्या राज्यांत बंदी अजून सुरू व्हायची आहे, तिथे ही मोजणी पहिल्या दिवसाच्या आधीच उरकली पाहिजे.

आपला,
एक वाचक