वन्याच्या हाडांबद्दल, सुपडूस

शहादा, 14 डिसेंबर 2025

प्रिय सुपडू,

पोराच्या लग्नाला आलो नाही आणि नंतर साधा फोनही केला नाही. तुझा राग मला ठाऊक आहे, भेटल्यावर काढ. माझी साखर ताब्यात आहे, हिचा गुडघा तसाच.

लिहायला बसलो ते वन्यामुळे. तोरणमाळच्या वरच्या पाड्यातला, आपल्या शाळेत पाचवी ब ला, खिडकीजवळ बसायचा तो. परवा दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, काठी टेकत, उजवा पाय ओढत आला. पाया पडायला वाकता येईना, तर भिंत धरून वाकला. मी नको नको म्हणत राहिलो.

नाशिकला दाखवून आलाय. दोन्ही खुब्यांतले हाडांचे गोळे आतून मेले आहेत. उजवा पार चपटा झाला, डाव्यातली सुरुवात एमआरआयमध्ये सापडली. आणि मूळ कशात, तर रक्तात. गावाकडे हिमोग्लोबिन कमी म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, रक्त काही वाढलं नाही. नाशिकला रक्ताच्या थेंबाची साधी चाचणी केली तर नळीतलं द्रावण गढूळ झालं. मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. सिकलसेल, आणि तोही पूर्ण, आईबापाकडून सदोष जनुकाचा एकेक वाटा आलेला.

तू कागदपत्रांतून वाचणारा माणूस, म्हणून सांगतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं, एवढाच फरक. तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक नसेत अडकते. आपल्या पेशी 120 दिवस जगतात, वन्याच्या दहा-वीस. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नसा आधीच थोड्या, त्या तुंबल्या की हाड उपाशी मरतं. आणि बघ, ज्याला एकच वाटा मिळतो त्याला हिवतापाचा भारी प्रकार सहसा जीवघेणा होत नाही. म्हणून सातपुड्यात हा वाटा पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

डॉक्टरांनी वन्याला विचारलं, लहानपणी हाडं दुखायची का? तो म्हणाला, "थंडीत लई दुखायची. गार पाण्यानं आंघोळ केली की दुखायची. पळायला लावलं की दुखायची." हे त्यानं मला हसत सांगितलं, सुपडू.

1994 चा डिसेंबर. पहाटे साडेपाचला हौदाच्या पाण्याने आंघोळ, मग मैदानाला फेऱ्या. नियम माझा होता. "गुर्जी, हाडकं दुखतात" म्हणाला की मी आणखी दोन फेऱ्या द्यायचो, नाटक करतो म्हणून. एकदा तो मैदानातच बसला तर उन्हं येईपर्यंत उभा केला. तू आडवा आलास. आणि मग तो रॉकेलचा तंटा. तू आपल्या पंप स्टोव्हवर त्याच्यासाठी रोज पातेलंभर पाणी तापवायचास, महिन्याचं रॉकेल वीस तारखेलाच संपलं, आणि मी तुला काय काय बोललो! नऊ दिवस आपण एका खोलीत राहून बोललो नाही. दहाव्या दिवशी तू पऱ्हाटीच्या जाळात वांगं टोचे न मारता ठेवलंस, ते तुझ्या धोतरावर फुटलं, तेव्हा कुठे दोघांना हसू फुटलं. शेव टाकून ते भरीत खाल्लं आपण. पण वन्याचा विषय परत निघाला नाही.

सिकलसेलवाल्याला ऊब हवी, भरपूर पाणी हवं, दमवायचं नाही. आज डॉक्टर हेच लिहून देतात. तू हेच करत होतास, आणि मी रॉकेल मोजत होतो.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्या थंडीने खुबा गेला का? ते म्हणाले, असं एका हिवाळ्यावर बोट ठेवता येत नाही, गारठ्याने दुखण्याचा झटका येतो एवढं नक्की. मला झोप येईना ती त्या झटक्यांनीच. किती झटके मी उभं राहून पाहिले?

आता उपचार. उजवीकडे कृत्रिम खुबा बसवायचा, त्याला पर्याय नाही. घोळ डाव्याचा आहे. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायचा आणि कंबरेच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, घट्ट करून तिथे सोडायचा, असं डॉक्टर म्हणतात. फ्रान्सचे हाडांचे डॉक्टर फिलिप अर्निगू यांनी या मगजावर आयुष्य घातलंय. पण 2006 साली अमेरिकेत छापलेल्या सिकलसेलवाल्यांच्याच एका चाचणीत भोक पाडून व्यायाम आणि नुसता व्यायाम यांत तीनेक वर्षांनी फरक दिसला नाही. त्या चाचणीत मगज नव्हता आणि त्यात पन्नासहून कमी माणसं होती, तरी मला वाटतं आधी डाव्या पायाला व्यायाम आणि आराम देऊन बघावं. वन्या म्हणतो, गुर्जी, तुम्ही सांगाल तसं. हे वाक्य मला सहन होत नाही. मागे त्यानं माझं ऐकलं तेव्हा काय झालं?

त्याला दहा वर्षांची मुलगी आहे. बायकोत एक वाटा निघाला, म्हणजे प्रत्येक लेकराला पूर्ण आजाराची निम्मी शक्यता. मुलीला पूर्ण निघाला. 2023 च्या जुलैत सिकलसेलची सरकारी मोहीम सुरू झाली, त्या तपासणीत सापडली म्हणून वेळेत हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे. बाळाच्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन त्यानं वाढतं आणि पेशी कमी वाकतात. शाळेत तिला गरम पाणी मिळतं का, हे मी वन्याला दोनदा विचारलं. त्याला वाटलं मी विसरलो म्हणून परत विचारतोय.

जाताना म्हणाला, "पाणी तापवणारे गुर्जी कुठं असतात?" मी चाळीसगाव सांगितलं. बाकीचं काही बोलू शकलो नाही. त्याला सांगायचं आहे, पण एकट्याने तोंड उघडत नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? सूनबाई रुळली असेल. नव्या घराचं प्लास्टर थंडीत उरकून घे.

शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन दहाच्या आसपास न्यायचं म्हणून मंगळवारी, 23 तारखेला, त्याला नाशिकला रक्त चढवणार आहेत. मी सोमवारी निघतोय. तू चाळीसगावहून थेट ये, स्टँडवर भेटू. त्याला सांगताना तू शेजारी हवास.

तुझा,
दगडू