शपथ नको, तालीम हवी

महोदय,

26 जून हा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की शाळाशाळांतून तेच ते सुरू होतं: घोषणा, सामूहिक शपथ, काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं. मी शाळेत समुपदेशक आहे. सिगारेट वाईट, हे आठवीतल्या मुलांना पाठ असतं. निबंधात तर ती आपल्यालाच उपदेश करतात. अडतं ते मित्र आग्रह करतो तेव्हा.

म्हणून मी वर्गात तो प्रसंगच करून घेते. आग्रह करणाऱ्याचं काम मात्र माझ्याकडे. गळ घालण्याची तालीम मुलांना कशाला द्यायची? "एकच झुरका रे, कुणाला कळतंय?" असं मी म्हटल्यावर एक मुलगा "धूम्रपान आरोग्यास हानिकारक..." असं सुरू झाला आणि वर्ग खो खो हसला. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "नको, मॅचला उशीर होतोय," आणि चालू पडला. आता हसायला कुणाला काही उरलंच नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्वसामर्थ्याची जी कल्पना मांडली, ती याहून फार वेगळी नाही. आपल्याला हे जमतं, हा विश्वास सांगून थोडा येतो, करून पाहिल्यावर पक्का होतो.

दुसरी अडचण म्हणजे 'सगळेच घेतात' ही समजूत. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी 1986 मध्ये दाखवून दिलं, की सोबतचे विद्यार्थी किती मोकळेपणाने दारूला मान्यता देतात याचा अंदाज विद्यार्थी वास्तवापेक्षा फुगवून बांधतात. मी निनावी चिठ्ठ्यांवर दोन प्रश्न विचारते: वर्गातल्या किती जणांनी चव घेतली असेल, आणि तू घेतलीस का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याहून नेहमीच मोठं निघतं. आकडे फळ्यावर लिहिले की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते.

संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधाच्या मानकांत नुसती व्याख्यानं, भीती घालणं आणि पूर्वी व्यसनी असलेल्यांचे अनुभवकथन या गोष्टी निष्प्रभ किंवा उलट परिणाम करणाऱ्यांत गणल्या आहेत. आपले कार्यक्रम नेमके याच गोष्टींवर उभे! शपथ उरकायला सोपी आणि फोटोही छान येतो, हे खरं कारण असावं.

मुख्याध्यापकांनी एका दिवसाच्या सोहळ्याऐवजी वर्षभरात विखुरलेले काही तास द्यावेत. चिठ्ठ्यांचा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगेन, की वर्ग लहान असेल किंवा 'हो' म्हणणारे खरोखरच जास्त निघाले, तर आकडे फळ्यावर लिहू नयेत. लहान वर्गात संशयाचं बोट एखाद्या मुलाकडे वळतं आणि 'हो' जास्त निघाले तर 'सगळेच घेतात' याला आपणच पुरावा पुरवतो.

— एक शालेय समुपदेशक