ख्रिसमस ओरेटोरिओविषयी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुमचा गायकवृंद जर्मन संगीतकार बाखचा 'ख्रिसमस ओरेटोरिओ', म्हणजे नाताळच्या कथेवरची मोठी गायन-वादन रचना, बसवतो आहे हे वाचून आनंद झाला. मात्र त्यातले बरेचसे संगीत मुळात राजघराण्यातील वाढदिवसांसाठी रचलेले होते हे कळल्यावर तुझा जो विरस झाला, तो मला पटला नाही.

ही काही एका बैठकीत ऐकायची मैफल नव्हती. लाइपझिगमध्ये २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ या काळातील सहा सणावारी दिवशी तिचा एकेक भाग उपासनेचाच अंश म्हणून गायला गेला. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात, पहिला रविवार सोडला, तर तेथील चर्चमध्ये वाद्यांसह होणारे असे गायन बंद असे. त्या खंडानंतरच्या या रचनेचा आरंभ एकट्या टिंपनीने, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील नगाऱ्यांनी, होतो.

टिंपनीच आधी का, याचे उत्तर जुन्या शब्दांत आहे. डिसेंबर १७३३ मध्ये पोलंडची राणी मारिया योसेफा हिच्या वाढदिवसासाठी बाखने हेच संगीत रचले, तेव्हा गायक आधी नगाऱ्यांना आणि मग तुताऱ्यांना निनादण्याचे आवाहन करीत. नवी प्रत लिहिताना बाखच्या हातून आधी ते जुनेच शब्द उतरले आणि मग त्याने ते खोडले. एरवी उंच पट्टीत गाणाऱ्या तुम्हा सोप्रानोंना तिथे इतक्या खालच्या स्वरांत गावे लागते तेही त्यामुळेच, कारण सारे आवाज मिळून टिंपनीचीच नक्कल करतात.

दुसऱ्या भागातील अंगाईची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. सप्टेंबर १७३३ मध्ये राजपुत्राच्या वाढदिवसासाठी केलेल्या रचनेत सुखलालसा नावाचे पात्र हे गीत गाऊन ग्रीक पुराणातल्या तरुण हर्क्युलिसला भुलवू पाहते. बाखने ते सोप्रानोकडून काढून तिच्याहून खालच्या आवाजाच्या आल्टोला दिले, बी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतून जी मेजरमध्ये उतरवले, बासरीची जोड दिली आणि बाळ येशूला निजवण्यासाठी वापरले. केवळ वेळ वाचवू पाहणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. शिवाय वाढदिवसाचे संगीत एकदा वाजले की संपले, नाताळ मात्र दरवर्षी येतो. आपल्या संगीत नाटकांतही जुन्या चिजांच्या चालींवर नवी पदे बांधली गेलीच की!

शुभवर्तमानातील (बायबलमधील) कथा सांगणारी टेनरची, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाची, निवेदने मात्र बाखने या कामासाठी नव्याने लिहिली आहेत. तालमीत त्यांची पाळी आली की मोबाइल बाजूला ठेवून ती नीट ऐकत जा.

तुझे,
बाबा