ब्रेक शू, क्लच वायर कोण बघतं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

पाऊस सुरू झाला की टू-व्हीलर घसरल्याच्या बातम्या रोज येतात आणि कारण बहुतेक वेळा एकच, रस्ता निसरडा. रस्त्यांची अवस्था वाईट आहेच, त्यावर लिहिणारे खूप आहेत, पण गाडीच्या अवस्थेवर कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

प्रायव्हेट टू-व्हीलरची आरसी १५ वर्षांची असते, ती रिन्यू करायची वेळ आली की मगच गाडी तपासायला न्यावी लागते. मधे पीयूसी होते पण त्यात धूर बघतात, ब्रेकला कोणी हात लावत नाही. म्हणजे इतकी वर्षं सगळं मालक आणि मेकॅनिकच्या भरवशावर, आणि सर्व्हिसिंग म्हणजे बऱ्याच ठिकाणी ऑइल बदललं, धुतली, हवा मारली, झालं.

मागच्या ड्रम ब्रेकचंच घ्या. त्यात शू म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे. शू झिजला की पॅडल खाली जातं, मग आपण रॉडचा नट दोन आटे आवळतो, ब्रेक परत लागतो आणि आपण निवांत. पण नट आवळून शू नवा होत नाही ना. बऱ्याच गाड्यांना ब्रेकच्या आर्मपाशी एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या प्लेटवर खूण असते, ब्रेक पूर्ण दाबून धरला आणि बाण खुणेपर्यंत गेला तर शू संपले, बदलायचे, इतकं सोपं आहे आणि गाडी चालवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? तसंच रेटत राहिलं तर शूंना बाहेर ढकलणारा आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि चाक जामसुद्धा होऊ शकतं, तेही नेमकं जोरात ब्रेक मारताना. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो ती सोय) सक्तीचं झालं, फार चांगलं झालं, पण ड्रमच्या गाडीत सीबीएस शेवटी शूच दाबतं, शूच संपले असतील तर ते तरी काय करणार.

क्लच वायर एकदम तुटत नाही. लिव्हरमधे जिथे तिची गोळी बसते तिथे एकेक तार सुटत जाते, क्लच जड लागायला लागतो, पावसाचं पाणी कव्हरमधे जाऊन गंज धरतो तो वेगळाच. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभे असताना ती तुटली तर गाडी पुढे झेप घेते, आणि पुढे कोणी रस्ता ओलांडत असेल तर? एवढ्या मोठ्या धोक्यासाठी साध्या गाडीची वायर दोन-तीनशे रुपयांत येते.

मागच्या चाकाच्या हबमधले (मधल्या भागातले) झटका झेलणारे रबर तर कोणी बदलतच नाही. ते दबले की गिअर टाकताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना खटका बसतो, आपण चेन ढिली समजून चेन ताणत बसतो, मग चेन आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन्ही लवकर जातात. चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची पत्तीसुद्धा नीट बघा, तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडे पाहिजे, उलटी बसली तर निघून पडायची भीती असते. आणि ब्रेक लाइटचा स्विच! पॅडलपासची त्याची बारीक स्प्रिंग तुटली की मागचा ब्रेक दाबला तरी लाल दिवा लागत नाही आणि पावसात, अंधारात मागच्या ट्रकवाल्याला कळतच नाही की आपण थांबतोय.

गॅरेजवाल्यांना विनंती आहे की बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, झिजलेला शू स्वतः बघितला की माणूस पुढच्या वेळी आपणहून विचारतो. आयटीआयच्या मुलांना घेऊन मे महिन्यात एसटी स्टँडवर, कॉलेजच्या पार्किंगमधे फुकट तपासणी ठेवता येईल, बाण, वायर, चेन आणि दिवा एवढंच बघायचं, एका गाडीला पाच मिनिटं पुरतात. आणि तुम्हीही मे महिन्याच्या एखाद्या पुरवणीत त्या ब्रेकच्या बाणाचं चित्र मोठं करून छापा, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
कराड